अप्पा, आता मागच्या सीटवर मी बसते

अप्पा, तुम्ही गेल्याला चाळीस दिवस होऊन गेले आणि क्लबात अजून धड चहा झालेला नाही. तेच पातेलं, तोच स्टोव्ह, तीच पावडर. रफिकभाई करतात तेव्हा काढा होतो, मी करते तेव्हा गरम पाणी. मागच्या रविवारी दोन्ही एकत्र ओतून पाहिलं, तर तिसरंच काहीतरी झालं. तुम्ही साखर आधी टाकत होता की उकळी आल्यावर, हे पाच वर्षांत कुणाला विचारावंसं वाटलं नाही. आता सगळे एकमेकांना विचारतात.

रडून झालंय. म्हणजे अजूनही मधेच येतं, पण मी लिहायला बसले ती त्यासाठी नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि तुम्ही ते तसंच टाकून उठून गेलात, हे मला पटलेलं नाही. म्हणून माझी बाजू लिहून ठेवते. लिहिता लिहिता तुमचीही निघेल, त्याला माझा इलाज नाही.

मी पहिल्यांदा आले तो रविवार तुम्ही नव्या माणसाला दर वेळी वाढवून सांगायचात. खरं काय झालं ते असं. नांदेडहून सकाळची पहिली एसटी धरून मी लातूरला उतरले, औशाच्या गाडीनं फाट्यापर्यंत आले आणि फाट्यापासून तुरीच्या ओळींमधून चालत आपल्या धावपट्टीवर. वय एक्केचाळीस, नोकरी गणिताच्या शिक्षिकेची, अंगात पांढरा ड्रेस. पेपरात चार ओळी वाचल्या होत्या की कुण्या काळी फवारणीच्या विमानांसाठी केलेल्या जुन्या पट्टीवर काही हौशी माणसं बिनइंजिनाचं विमान उडवतात आणि येईल त्याला शिकवतात. मला वाटलं होतं, ऑफिस असेल, टेबल असेल, फॉर्म असेल. तिथं होतं एक पत्र्याचं शेड, एक लांब पंखांचं पिवळं ग्लायडर आणि लुंगीसारखं धोतर खोचून त्याच्या पोटाखाली झोपलेले तुम्ही.

“उडायला आलीस?” तुम्ही आडवे असूनच विचारलंत.

“हो.”

“मग हे धर, अक्का.”

आणि पंखाचं टोक माझ्या हातात दिलंत. ग्लायडर जमिनीवर एका चाकावर उभं असतं, त्यामुळे ते कुठल्यातरी एका बाजूला कलंडलेलंच असतं. निघताना कुणीतरी टोक धरून पंख सपाट ठेवायचे आणि वेग येईपर्यंत सोबत पळायचं. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, जवळजवळ किलोमीटरभर लांब, रफिकभाई जुन्या ट्रकच्या इंजिनावर चालणारं विंच घेऊन बसलेले. ते तार गुंडाळायला लागले की ग्लायडर पतंगासारखं वर ओढलं जातं, वर गेल्यावर तार सोडायची आणि मग फक्त हवा. हे सगळं मी त्या दिवशी जमिनीवरून पाहिलं. अकरा वेळा पंख धरून पळाले. उतरलेलं ग्लायडर ढकलत परत आणलं. जीपमागं बसून तार ओढत आणली. काळ्या मातीनं ड्रेसचा रंग ठरवून टाकला. संध्याकाळी तुम्ही चहा दिलात तेव्हा मी विचारलं, “माझी पाळी कधी?”

“कशाची?”

“उडायची.”

“अकरा डाव उडवलंस की आज,” तुम्ही म्हणालात. “अजून काय पाहिजे?”

मी इतकी चिडले की परतीच्या गाडीत लोह्यापर्यंत तुम्हाला मनातल्या मनात बोलत होते. पुन्हा यायचं नाही असं ठरवलं होतं. पुढच्या रविवारी आले ते चॉकलेटी ड्रेस घालून.

पाचव्या रविवारी तुम्ही मला पुढच्या सीटवर बसवलंत, स्वतः मागं बसलात. त्या पाच मिनिटांबद्दल मी काही लिहीत नाही, लिहिता येत नाही. खाली उतरल्यावर मी विचारलं होतं की शिकवणाऱ्याला काय द्यायचं असतं. तेव्हा तुम्ही तुमच्या वस्तादांची गोष्ट सांगितलीत. तुम्ही आयटीआयला पुण्यात होता, एका रिटायर मेकॅनिकनं दोन वर्षं तुम्हाला रविवारचे रविवार ग्लायडर उडवायला शिकवलं. तुम्ही लातूरला परत निघालात तेव्हा शाल-नारळ घेऊन त्यांच्याकडे गेलात. त्यांनी नारळ फोडून तिथंच खोबरं वाटलं आणि शाल तुमच्याच खांद्यावर टाकली. म्हणाले, मला नको, तुझ्याकडं नवीन कुणी येईल त्याला दे. तुम्ही मोटारी रिवायंडिंग करायचं दुकान टाकलं, संसार केला आणि पंचवीस वर्षांनी चार वेडे जमवून हा क्लब काढला. “शाल न्हाई देत मी कुणाला,” तुम्ही म्हणालात. “उन्हाळ्यात कुणी घेत न्हाई.”

तुम्ही मागं बसून गुणगुणायचात. सूर कसलाही नसायचा, पण गुणगुणणं थांबलं की मला कळायचं, माझं काहीतरी चुकतंय. वेग कमी झालाय किंवा ग्लायडर तिरकं सरकतंय. तुम्ही बोलायचा नाहीत, तुमच्यापुढच्या सुकाणूच्या दांडीला हात लावायचा नाहीत. मीच इकडंतिकडं बघून चूक शोधायची, दुरुस्त करायची आणि मागून पुन्हा सूर चालू व्हायचा. वर्गात साठ पोरांपुढं मी बावीस वर्षं बोलतेय. गप्प राहून शिकवता येतं हे मला तिथं कळलं.

आणि मग एक दिवस, पट्टा बांधून तयार असताना, तुम्ही मागून उतरलात. “सुपारी संपली,” म्हणालात. “तू ये एक चक्कर मारून.” मी एकटी वर गेले. तुमचं वजन नसल्यानं ते पिवळं धूड असं उसळलं की मला त्याचं नाक खाली दाबावं लागलं. वर तार सुटल्यावर एकदम शांत झालं. औसा रोडवरचे ट्रक काडेपेटीएवढे. हाक मारणारं कुणी नाही. बाई, मॅडम, अगं, ऐकलंस का, यातलं काहीच नाही. उतरले तेव्हा तुम्ही अडकित्त्यानं सुपारी कातरत उभे होतात, जसं काही बाजाराला जाऊन मी भाजी आणली.

इथून आपलं भांडण सुरू होतं.

चार वर्षं झाली, मी बऱ्यापैकी उडायला लागले. तुम्ही म्हणालात, “अक्का, आता नव्या लोकांना तू घे.” मी नाही म्हणाले. तुम्हाला वाटलं, लाजतेय. दुसऱ्या रविवारी पुन्हा म्हणालात, तेव्हा मी जरा जोरात नाही म्हणाले. मी आठवड्याचे सहा दिवस शिकवते, सातव्या दिवशी तरी मला शिकवायला लावू नका. नांदेडहून तीन तास गाडीत बसून येते, तीन तास परत जाते, ते दुसऱ्याच्या डोक्यामागं बसायला नाही.

तुम्ही तार पुसत होता. वर न बघता म्हणालात, “मग तुझ्या मागं मी कशाला बसलो? माझे रविवार काय रस्त्यावर पडले होते?”

“मी तुम्हाला बसा म्हणून सांगितलं नव्हतं.”

हे मी बोलले. बोलल्याबरोबर परत घ्यावंसं वाटलं. पण माझ्या स्वभावात तो गिअर नाही, आणि तुमच्याही नव्हता. पुढचे दोन महिने आपण फक्त वॉकीटॉकीवर बोललो. तुम्ही विंचवर असलात की मी म्हणायचे, “तार ताणा.” तुम्ही म्हणायचात, “ताणली.” मी म्हणायचे, “ओढा.” संपलं. रफिकभाई एसटीच्या वर्कशॉपात उभी हयात घालवलेला माणूस, त्यांनी ड्रायव्हर-कंडक्टरची भांडणं पाहिलेली होती. ते म्हणाले, “मॅडम, आमच्याकडं असं झालं की दोघांची ड्युटी बदलायचे. इथं कुणाची बदलू?”

तो मार्च होता. हरभरे निघून गेले होते, काळी रानं तापायला लागली होती आणि त्यांच्यावरून गरम हवा उठत होती. त्या हवेत घारी नुसत्या पंख पसरून वर चढतात, आपणही चढतो. मी एका सीटचं ग्लायडर घेऊन पन्नास किलोमीटर लांब जायचं ठरवलं होतं. चाकूरच्या थोडं अलीकडं हवेनं दगा दिला. खाली, खाली, आणखी खाली. शेवटी एक मोकळं रान निवडलं आणि उतरले. चाक हरभऱ्याच्या खुंटांवरून खडखडत थांबलं. काच उघडली तर बांधावर एक बाई कमरेवर हात ठेवून उभी.

त्या सुमनबाई. वय सत्तेचाळीस, डोक्यावर पदर, पायात नवऱ्याचे बूट. दुसरं कुणीही आधी विचारतं, पडलात का. त्यांनी विचारलं, “आवाज कसा न्हाई केला?”

मी म्हणाले, याला इंजिन नसतं.

“मग थांबलं कशानं?”

मी चाकाचा ब्रेक आणि पंखांवर उघडणारे ब्रेक दाखवले. त्यांनी वाकून चाक पाहिलं, पंखावर बोट टेकवून पाहिलं. मग मला घरी नेऊन ज्वारीची भाकरी, वरण आणि ठेचा असं जेवायला घातलं. चार तासांनी तुम्ही आणि रफिकभाई जीपला ट्रेलर लावून आलात. दोन महिन्यांत माझ्याकडं पाहून तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते “जेवलीस का?” आणि मी म्हणाले, “जेवले.” आपली समजूत तेवढ्यावर झाली असं मी धरलं.

ग्लायडरचे पंख काढून ट्रेलरवर चढवेपर्यंत सुमनबाई सोबत होत्या. कुठला बोल्ट कुठं बसतो हे त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. निघताना त्यांनी मला विचारलं, “बाई, मला बी यात बसता येईल का?”

मी हसून म्हणाले, “बघू ना, कधीतरी.” म्हणजे नाही. मास्तरीण असल्यानं मला असं नाही म्हणायची सवय आहे.

तुम्ही दोर आवळत होता. तिकडूनच विचारलंत, “ट्रॅक्टर चालवता?”

“बारा वर्सं झाली.”

“मग अर्धं झालं. रविवारी या.”

त्यांचे मालक गोठ्याच्या दाराशी उभे होते. ते म्हणाले, “आवं, हिला जत्रेतल्या पाळण्यात गरगरतंय.” सुमनबाई म्हणाल्या, “पाळणा दुसरा फिरवतोय म्हणून गरगरतंय.”

जीपमध्ये मी तुम्हाला म्हणाले, अप्पा, उगीच आशा कशाला लावता, त्या बाई येणार आहेत थोड्याच. रविवारी नांदेडच्या गाडीतून मी येत होते तर चाकूरला त्या चढल्या. डब्यात आपल्या सगळ्यांना पुरतील एवढे धपाटे होते. तासभर त्या माझ्या शेजारी बसल्या आणि मला सगळा वेळ वाटत राहिलं की यांना कळलंय, मी नाही म्हणाले होते.

अप्पा, त्या वर्षात तुम्ही त्यांना जे शिकवलंत ते मी लांबून पाहिलं. सुरुवातीला पंख धरून पळवलंत, तार ओढायला लावलंत, सगळं माझ्यासारखंच. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं नाही की माझी पाळी कधी. शेतातल्या माणसाला थांबणं ठाऊक असतं. तब्येतीच्या दाखल्यापासून सगळी कागदपत्रं तुम्ही भरून घेतलीत. दिवाळीपर्यंत त्या तुमच्यापुढं बसून वळणं घ्यायला लागल्या. मला खाली ऐकू यायचं नाही, पण मला माहीत होतं, तुम्ही मागं गुणगुणत असणार.

त्याच दिवाळीत मी शिकवण्याच्या परवान्याची परीक्षा देऊन आले. का दिली, तर तुमचं तोंड बंद व्हावं म्हणून. कागद दाखवला की गप्प बसाल असं वाटलं. कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि मी माझी उडत राहिले.

डिसेंबरात डॉक्टरनं तुमचं हृदय तपासून उडायला बंदी केली. तुम्ही हे आम्हाला सांगितलंत ते असं, की जणू दुकानाचं शटर नादुरुस्त झालंय. मग शेडच्या मागं, त्या निंबाखाली, मला बोलावून म्हणालात, “अक्का, सुमनबाईला तू घे. थोडंच राहिलंय तिचं.”

मी म्हणाले, “बघू.”

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. तो शब्द माझ्याकडून कसा निघतो हे तुम्हाला त्या रानात कळलं होतंच. तुम्ही म्हणालात, “बघ बघ. घाई न्हाई.”

घाई होती, अप्पा. दोनच आठवडे होते.

माझी बाजू लिहिते म्हणाले होते, ती आता खरी लिहिते. रविवार माझा आहे वगैरे सगळं खरं असलं तरी कारण ते नव्हतं. एकटी चुकले तर मी चुकते. मागं बसून चुकले तर पुढं कुणाचीतरी आई असते, कुणाचातरी नवरा असतो. मी भीत होते. पंचेचाळिशीच्या बाईनं, चारशे-पाचशे उड्डाणं झाल्यावर, मला भीती वाटते असं तुमच्यापुढं कसं म्हणायचं ते कळलं नाही. त्यापेक्षा मी स्वार्थी आहे असं तुम्हाला वाटलेलं मला सोपं गेलं.

दुपारी दुकानात, मोटार उघडून बसला होतात, तसेच भिंतीला टेकलात म्हणे. आम्ही सगळे दुसऱ्या दिवशी लातूरला पोचलो. तुमच्या लिंगायत लोकांत माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात, हे मला ऐकून ठाऊक होतं. त्या सजवलेल्या, फुलांच्या डोल्याला विमान म्हणतात, हे मात्र ठाऊक नव्हतं. तुम्ही त्यात ताठ बसला होतात, कपाळभर भस्म, गळ्यात लिंग. क्लबातल्या चौघांनी खांदा दिला. गल्लीच्या वळणावर डोला कलंडला तेव्हा रफिकभाई मागून हळूच म्हणाले, “डावा पंख वर.” आणि पुढच्या दोघांनी सवयीनं लगेच वर केला. मी बायकांमध्ये चालत होते. मला इतकं हसू आलं आणि इतकं रडू आलं की तुमच्या सूनबाईंनी मला धरलं.

पुढच्या रविवारी क्लबात कुणीतरी म्हणालं, महिनाभर बंद ठेवू. तसं करायला हरकत नव्हती. आम्ही शेडच्या दाराशी उभे होतो, कुणाला कुठं बघावं कळत नव्हतं. तेवढ्यात सुमनबाई आत गेल्या आणि ग्लायडरवरचं कापड काढायला लागल्या. एकट्यांना ते जमत नाही. दुसरं टोक धरायला मला जावंच लागलं.

कापडाची घडी घालता घालता त्या म्हणाल्या, “बाई, अप्पा मला म्हनले हुते, पुढचं अक्का शिकवील.”

“कधी म्हणाले?”

“ते डॉक्टरकडून आले त्याच दिशी.”

म्हणजे मला विचारायच्या आधी. हे तुमचं वागणं, अप्पा. माझ्या बघूचा निकाल तुम्ही परस्पर लावून ठेवला होतात. मी पंधरा मिनिटं धावपट्टीवरून चालत गेले आणि परत आले. मग मागच्या सीटवर बसले.

मागून दिसतं ते वेगळंच असतं, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. पुढं एक अंबाडा, त्याच्या दोन्ही बाजूंनी थोडं थोडं आकाश. सुमनबाईंनी छान वर नेलं, छान वळवलं. उतरताना बोरीच्या झाडांवरून आलो आणि मला वाटलं, जरा जास्त उंच आहे. माझा हात आपोआप दांडीवर गेला आणि मीच उतरवलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. खाली थांबल्यावर सुमनबाई वळून म्हणाल्या, राग नव्हता आवाजात, “बाई, तुम्ही सोडलं असतं तर म्या उतरवलं असतं.”

मी काच उघडून तडक रफिकभाईंकडं गेले, विंचपर्यंत, तेवढा किलोमीटर चालत. त्यांना म्हणाले, मला जमणार नाही, हात राहत नाही.

ते तारेला ग्रीस लावत होते. “अप्पांचा तरी कुठं राहत होता,” ते म्हणाले. “दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. उतरल्यावर तळहात बघायचे होते तुम्ही, सीटच्या शिवणीचे वळ असायचे.”

मी तुम्हाला उतरल्यावर हात चोळताना शेकडो वेळा पाहिलंय. मला वाटायचं, संधिवात.

“आणि मॅडम, तुम्ही पहिल्यांदा एकट्या गेलात ना, तेव्हा त्यांनी मला वॉकीटॉकीवर विचारलं, रफिक, दिसायलीय का तुला? मी म्हटलं, तुमच्या डोक्यावर तर आहेत. तर म्हणाले, मी डोळे मिटलेत, तू सांगत ऱ्हा. तुम्ही उतरेपर्यंत मी सांगत होतो. आता डावीकडं वळल्या, आता सरळ आहेत, आता झाडांवरून आल्या. चाक टेकलं म्हटल्यावर बोलले, बरं, आता सुपारी काढतो.”

मी तिथं विंचच्या पायरीवर बसून राहिले. अप्पा, तुम्ही भीत होतात. एवढी वर्षं, एवढ्या माणसांच्या मागं बसून, दर वेळी. हे मला सांगितलं असतंत तर मी कदाचित वर्षभर आधी हो म्हणाले असते. आणि मी तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्हीही सांगितलं असतंत. दोघंही एकाच गोष्टीला भिऊन एकमेकांशी भांडत राहिलो. यात चूक कुणाची हे मी ठरवलेलं नाही. अर्धी अर्धी घेऊ.

त्या दिवशी चौथ्या उड्डाणाला मी हात मांडीखाली घातले. बोरीची झाडं आली. अजूनही मला वाटलं, उंच आहे. होतंही थोडं. सुमनबाईंनी ब्रेक थोडे उघडले, ग्लायडर खाली बसलं, चाक एकदा उडालं आणि टेकलं. माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या. गुणगुणायला मला येत नाही, पण मी पाढे म्हणते. एकोणतिसाचा. तो म्हणताना तोंड चालू राहतं आणि डोकं बाकीचं बघतं. सुमनबाईंनी विचारलं, मागं काय पुटपुटता? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग मला बी पाठ होईल.”

काल, म्हणजे सहाव्या रविवारी, वारा अगदी मंद होता. सकाळी आम्ही दोन उड्डाणं केली आणि दोन्हीत मला करण्यासारखं काही उरलं नाही. तिसऱ्यासाठी त्या पट्टा बांधून बसल्या, मी मागून उतरले. कारण काय सांगावं ते सुचेना. सुपारी मी खात नाही. शेवटी खरंच सांगितलं. “सुमनबाई, आता तुम्ही एकट्या जा. मला भीती वाटते, पण ती माझी आहे. तुमचं उडणं चांगलं आहे.”

त्यांनी पदर कमरेला घट्ट खोचला आणि म्हणाल्या, “भ्या मला बी वाटायलंय. पर लई न्हाई.”

मी डोळे मिटले नाहीत. मिटावेसे वाटले, पण रफिकभाईंना एवढ्या लांबून दुसऱ्यांदा कॉमेंट्री करायला लावणं बरं दिसलं नसतं. तार ताणली, पंख धरून मीच पळाले, हातातून टोक निसटलं आणि त्या गेल्या. वरती तार सुटली. घारीएवढं पिवळं काहीतरी औशाच्या दिशेनं गेलं, वळलं, आमच्या डोक्यावरून परत आलं. माझा पाढा सातव्या घरात अडकला होता, पुढचं आठवत नव्हतं. बोरीची झाडं. ब्रेक. चाक टेकलं, एकदाच.

सगळे पळत गेले. ग्लायडर थांबून एका पंखावर कललं, तरी सुमनबाईंनी काच उघडली नाही. मी पोचले आणि बाहेरून वाकून पाहिलं. त्या हात मांडीवर ठेवून समोर बघत बसल्या होत्या. मी काच वर केली.

त्या म्हणाल्या, “बाई, वर लई निवांत हाय. कुणी हाकच मारीना.”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

दुपारी त्यांचे मालक मोटारसायकलवर पेढे घेऊन आले, त्यांना कुणी कळवलं ते कळलं नाही. त्यांनी ग्लायडरभोवती एक चक्कर मारली आणि आत कितीजण बसतात असं विचारलं. सुमनबाई म्हणाल्या, “तुम्ही आधी पंख धरायला शिका.”

संध्याकाळी आम्ही दोघी नांदेडच्या गाडीत बसलो. चाकूरला त्या उतरल्या. अहमदपूर मागं पडल्यावर मी खिडकीला डोकं टेकून रविवारांचा हिशोब लावत होते आणि लक्षात आलं की सहा आठवडे झाले, मी एकटी एकदाही उडालेली नाही. कुणी अडवलं नव्हतं. ग्लायडर रिकामं होतं, हवा होती. मला आठवणच झाली नाही.

हे वाचून तुम्ही जिंकलात असं लगेच धरू नका. तुमचं म्हणणं निम्मं खरं होतं, एवढंच मी मानते. बाकी निम्म्यासाठी क्लबाच्या फळ्यावर मी खडूनं लिहून आलेय. पुढच्या रविवारी सकाळचं पहिलं उड्डाण माझं, एकटीचं, आणि हवा चांगली असेल तर मी दुपारपर्यंत खाली येणार नाही. तार सुमनबाई जोडणार आहेत. औशाहून एक नवीन जोडपं यायचंय, त्यांना काय काय सांगायचं ते मी सुमनबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “तुम्ही निवांत जा. ते म्या बघते.”